त्याचंही नाव लिहा

आपल्या पाड्यांत एखादा मुका, एखादी पांगळी, एखादं डोक्यानं कमी लेकरू असतंच. वय तीस-चाळीस, पण भाकर आईच्या हातची. आईबाप थकले की एकच घोर: आमच्यामागं याचं कोण?

वनहक्काचे दावे भरताना आम्ही बघतो, अशा लेकराचं नाव घरचेच गाळतात. म्हणतात, त्याला काय कळतंय? हे बरोबर नाही. 2006 च्या कायद्याच्या दाव्याच्या अर्जात कुटुंबातल्या इतर माणसांची नावं लिहायची जागा आहे. त्यात अवलंबून असलेली मोठी माणसंही येतात. कलम 4(4) प्रमाणे हा हक्क वारसाला मिळतो, विकता येत नाही. म्हणजे सावकाराची वाट बंद. पण भावकी त्याला बाजूला सारू शकते.

म्हणून आमचं म्हणणं: आईबाप हयात असतानाच नाव लिहा. त्याला कोण सांभाळणार, पिकातला वाटा कसा देणार, हे ग्रामसभेत बोलून वहीत नोंदवा. हयगय झाली तर गावानं जाब विचारावा.

‘कसेल त्याची जमीन’ ही आपली घोषणा. पण ज्याला कसता येत नाही, त्याचंही पोट त्याच जमिनीवर आहे.