नोंद आहे, मग व्हाउचर कुठे?

घरातला मुलगा सीएची परीक्षा देत असला की आपण टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करतो. पण बी.ए.ला असलेली मुलगी "मला परिषदेत पेपर वाचायचा आहे" म्हणाली, तर पहिला प्रश्न येतो, "त्याचा उपयोग काय?" त्याच आठवड्यात घरचं लग्न असेल, तर विषय तिथेच संपतो.

हे मला पटत नाही.

आपल्या महाराष्ट्रात २००६ पासून विद्यापीठांचं 'आविष्कार' हे संशोधन संमेलन भरतं. त्यात इंजिनिअरिंग, औषधशास्त्र यांच्याबरोबर मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला यांचाही गट असतो. पदवीच्या मुलामुलींची पातळी वेगळी धरतात, पीएच.डी.वाल्यांशी त्यांची स्पर्धा नसते. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तर चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनाची सोय आहे. म्हणजे ही नुसती हौस राहिलेली नाही.

पण माझं कारण वेगळंच आहे. समजा, एखाद्या मुलीने 'आजीच्या पिढीतल्या बायकांची शाळा का सुटली' हा विषय घेतला. ती बाराजणींकडे जाऊन बसते, परवानगी घेऊन त्यांचं बोलणं लिहून घेते. एक म्हणते, लग्न ठरलं. दुसरी म्हणते, हायस्कूल परगावी होतं. तिसरी म्हणते, धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार? या सगळ्यांना एकाच कारणात कोंबायचं नाही, हे ती शिकते. मग परिषदेत प्राध्यापक विचारतात, "बारा बायकांवरून सगळ्या गावाचा निष्कर्ष कसा काढलास?" तिला उभं राहून सांगता आलं पाहिजे, "नाही काढला, सर. मी या बाराजणींपुरतंच बोलते आहे."

बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं, व्हाउचरशिवाय नोंद करायची नाही. ही मुलगी तेच करते, फक्त रुपयांऐवजी माणसांच्या बोलण्याचा हिशेब ठेवते. दिवसभर व्हॉट्सअॅपवर न तपासलेल्या गोष्टी पुढे ढकलणाऱ्या आपल्या घरांत ही सवय कुणाला तरी लागली, तर तो उपयोग थोडा आहे का?

पैसे भरा आणि प्रमाणपत्र न्या, अशाही परिषदा असतात. इकडून तिकडून उतरवलेला पेपर वाचून फोटो काढायचा, एवढंच तिथे घडतं. त्यासाठी फी भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खरं-खोटं ओळखायला आपल्याला एम.ए. व्हावं लागत नाही. भाजी निवडता निवडता तिचा पेपर ऐका आणि विचारा, "तुझा प्रश्न काय? कुणाकुणाला भेटलीस? हे कशावरून म्हणतेस?" तिने स्वतः काम केलं असेल, तर ती सांगताना थांबणारच नाही.

आणि लग्नात कुणी विचारलंच, "मुलगी दिसत नाही?", तर ओशाळू नका. "पेपर वाचायला गेली आहे," असं सांगा, अगदी सीएची परीक्षा असल्यासारखं.