विश्लेषण : तुमचा पासवर्ड संकेतस्थळाला ‘माहीत’ असतो का?

फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाला आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये ९ कोटी १० लाख युरोचा दंड ठोठावला. काही वापरकर्त्यांचे पासवर्ड कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेत वाचता येतील अशा स्वरूपात साठवले गेले होते. ते बाहेरच्यांच्या हाती लागले नव्हते, तरीही दंड झाला. असे का?

पासवर्ड साठवायचा कसा?

मुळात तो साठवायचाच नसतो. पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून अक्षर-अंकांची एक साखळी तयार होते. तिला ‘हॅश’ म्हणतात. एनक्रिप्शनमध्ये मूळ मजकूर परत मिळवणारी किल्ली असते. हॅशमध्ये ती नसते. लॉगिन करताना तुम्ही टाकलेल्या पासवर्डचा पुन्हा हॅश काढून तो जुळतो का, एवढेच पाहिले जाते.

हॅश केले की काम झाले?

नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश इंटरनेटवर आले. २०१६ मध्ये कळले, की त्याच चोरीतले ११ कोटींहून अधिक पासवर्ड विक्रीला आहेत. कंपनीने ‘शा-१’ ही वेगवान पद्धत वापरली होती आणि त्यात ‘सॉल्ट’ नव्हते. सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडलेला वेगळा, यादृच्छिक मजकूर. तो नसेल तर सारख्या पासवर्डचा हॅशही सारखाच निघतो. एक फुटला की तो वापरणारे सगळेच उघडे पडतात.

संथपणा फायद्याचा कसा?

चोर हॅश उलटा फिरवत नाही, एकेक अंदाज लावून पाहतो. म्हणून बीक्रिप्ट, आर्गॉन२ या पद्धती मुद्दाम संथ ठेवल्या आहेत. ‘जँगो’ या फ्रेमवर्कच्या ५.२ आवृत्तीत एका पासवर्डसाठी मूलतः १० लाख फेऱ्या होतात. लॉगिन करणाऱ्याला हा क्षणभराचा उशीर जाणवत नाही. कोट्यवधी अंदाज लावणाऱ्याला मात्र तो महागात पडतो.

मग चूक होते कुठे?

जँगो, लाराव्हेलमध्ये ही सोय तयार मिळते. ती बाजूला ठेवून स्वतःची पद्धत बनवली, किंवा लॉग फाइलमध्ये पासवर्ड तसाच उतरू दिला, की गडबड होते.

भारतात काय?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वापरकर्त्याने काय पाहावे?

‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक केल्यावर जुनाच पासवर्ड ईमेलने आला, तर तो तिथे वाचता येईल असा ठेवलेला आहे हे नक्की. तोच पासवर्ड ईमेल किंवा बँकेसाठी वापरत असाल, तर आधी तिथला बदला. आणि ‘१२३४५६’ला कोणताही हॅश वाचवू शकत नाही, चोराचा पहिला अंदाज बहुधा तोच असतो.