सेवा करा, पण बोलू नका?

‘संस्थांनी सेवा करावी, धोरणात नाक खुपसू नये.’ हे वाक्य देणगीदारांच्या बैठकांत हमखास ऐकू येतं. बोलणारी माणसं बहुतेकदा सज्जन आणि सढळ हाताची असतात, म्हणूनच त्यांचं म्हणणं खोडून काढणं भाग आहे.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाला झोळीत घालून काट्यावर तोलायचं, घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले की धोका ओळखायचा. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. केवळ सेवाच करायची, तर काम इथे संपलं. पण ‘सर्च’च्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हा पुरावा शासनापुढे लावून धरला. २०११ साली तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला आणि आज आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या फेऱ्या मारते. ३९ गावांतलं शहाणपण देशभर गेलं ते या पाठपुराव्यामुळे. त्याला सेवा म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

दुसरं उदाहरण गर्भलिंगनिदानाचं. मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या मोहिमेतून महाराष्ट्राने १९८८ साली देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला, पण कागदावरच राहिला. २००० साली ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारांना कामाला लावलं आणि २००३ साली कायदा अधिक कडक झाला. आता सांगा, देणगीदाराच्या अर्जातल्या ‘लाभार्थी संख्या’ या रकान्यात या कामासाठी कोणता आकडा भरायचा?

इथेच पैशाचं दुखणं आहे. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, हे चांगलंच झालं. पण त्या पैशाला शाळेचे बाक, पाण्याची टाकी, रंगवलेली भिंत लवकर दिसते, कारण तिथे नावाची पाटी लावता येते. माहिती अधिकाराचे अर्ज लिहिणाऱ्या, अंदाजपत्रक वाचणाऱ्या, मंत्रालयात खेटे घालणाऱ्या कार्यकर्त्याच्या पगाराला मात्र ‘वरखर्च’ म्हणून कात्री लागते.

परदेशी पैशाची वाटही अरुंद झाली. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने तो निधी दुसरीला देणं बंद केलं. मोठ्या संस्थेच्या आधाराने तालुक्यात उभ्या असलेल्या छोट्या गटांना याची झळ सर्वांत आधी बसली. काही संस्था लबाडी करतात, हे खरं आहे. त्यांना धरायला धर्मादाय आयुक्त आहेत, लेखापरीक्षण आहे, प्राप्तिकर खातं आहे. चोर सापडावा म्हणून अख्ख्या गावाचं पाणी तोडत नाहीत.

‘हे राजकारण आहे’ हा शेवटचा आक्षेप. २०२० सालीच ‘इन्साफ’ या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेली संस्था लोकांच्या प्रश्नावर बंद किंवा रास्ता रोकोला पाठिंबा देते, एवढ्यावरून तिचा परदेशी निधी नाकारता येणार नाही. धोरणाची बाजू मांडणं तर त्याहून कितीतरी सौम्य काम. ते नागरिकाचं आहे, आणि नागरिकांनी मिळून काढलेल्या संस्थेचंही.

म्हणून, तुम्ही देणगी देत असाल तर एवढं करा. जिचे हिशेब तुम्ही पाहिलेत अशी एक संस्था निवडा, दरमहा झेपेल तेवढी रक्कम द्या, आणि ती ‘अमुक वस्तूसाठी’ अशी बांधून न घालता नुसतं ‘संस्थेच्या कामासाठी’ असं लिहा.