बेटाची प्रदक्षिणा

मधोमध काही उभं दिसलं, की आपला माणूस चपला काढून त्याच्याभोवती फिरायला लागतो. देऊळ असो, वड असो, औदुंबर असो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या फेऱ्यांना पेट्रोल लागत नाही. पण हीच सवय घेऊन जे लोक परदेशातल्या बेटावर भाड्याची मोटार काढतात, त्यांच्याविरुद्ध मला आज जाहीर तक्रार गुदरायची आहे.

बेट क्रीट. ग्रीसचं सर्वांत मोठं; लांबी सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून साताऱ्याला जावं साधारण तेवढी. आमचे मेहुणे जर्मनीत असतात, त्यामुळे आखणी जर्मन आणि उत्साह सदाशिवपेठी. चार दिवसांत अख्खं बेट! कोष्टकात लिहिलेलं: ‘नोसॉस – ४० मिनिटं. चहा – १० मिनिटं. समुद्र – जाताजाता.’

आता नोसॉस म्हणजे काय ४० मिनिटांत उरकायची गोष्ट आहे? आर्थर इव्हान्सनं १९०० साली तिथं खोदकाम सुरू केलं, तेव्हा राजवाड्याबरोबर मातीच्या अक्षरं कोरलेल्या पाट्या निघाल्या. त्यांतली एक लिपी पुढे १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसनं उलगडली. निघालं काय? राजाची स्तुती नाही, काव्य नाही. मेंढ्या इतक्या, लोकर इतकी, तेल इतकं. शुद्ध खतावणी! पाट्या कच्च्याच होत्या. राजवाडा जळाला, त्यात त्या भाजून निघाल्या, म्हणून टिकल्या. राजे गेले, पण कारकुनाचा हिशेब तीन हजारांहून अधिक वर्षं शिल्लक! बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या रकमा लिहिणाऱ्या माणसाचे डोळे भरून यायला एवढं पुरे. पण मेहुण्यांच्या कोष्टकात डोळे भरून येण्यासाठी रकाना नव्हता.

माझं सोडा. आईचं सांगतो. एका डोंगराळ गावात आमचा दहा मिनिटांचा चहा चालला होता. शेजारच्या ओट्यावर काळ्या कपड्यांतली एक आजीबाई शेंगा सोलत होती. आई उठली, तिच्याजवळ जाऊन बसली आणि न विचारता सोलायला लागली. भाषेचा एक शब्द सामाईक नाही, पण दोघींची बोटं एका वेगानं चालत होती. सबंध प्रवासात ‘आई, जपून’, ‘आई, बसा’ एवढंच ऐकलेल्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी कामात घेतलं होतं. अकराव्या मिनिटाला हॉर्न वाजला. पुढचं ठिकाण खोळंबलं होतं ना!

यावर ठरलेलं उत्तर येतं: “अहो, एवढा खर्च केलाय, तर सगळं बघायला नको?” बँकेतला माणूस म्हणून सांगतो, व्याज मुदतीवर मिळतं. ठेव ठेवायची आणि थांबायचं. बँकेच्या इमारतीला फेऱ्या मारून आजवर कुणाच्या खात्यात दमडी वाढलेली नाही. मागे बसलेल्या पोरांना तर त्या चार दिवसांत क्रीटपेक्षा बापाची मानच जास्त दिसली.

आणि गंमत अशी, की क्रीटला ही प्रदक्षिणा मान्यच नाही. नैर्ऋत्येला लेफ्का ओरी म्हणजे पांढरे डोंगर जवळजवळ अडीच हजार मीटर चढतात आणि थेट समुद्रात उतरतात. किनाऱ्यालगतचा रस्ता तिथं खुंटतो. लुत्रो, अगिया रुमेली ही गावं किनाऱ्यावरच आहेत, पण तिथं होडीनं जा नाहीतर पायी. मोटारीला प्रवेश नाही. होरा स्फाकिओनच्या धक्क्यावर आमचे मेहुणे नकाशा उलटासुलटा करीत राहिले. डोंगर काही हलला नाही.

मला मात्र त्या डोंगराबद्दल आदर वाटला. महादेवाच्या देवळातही प्रदक्षिणा पुरी करायची नसते. सोमसूत्रापर्यंत जायचं, ते न ओलांडता मागे फिरायचं. अर्ध्यावरून परतल्यामुळे कुणाचं पुण्य कमी भरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा कोष्टकं करणाऱ्या तमाम मेहुण्यांनो, दिवसाला एकच गाव लिहा आणि खालच्या ओळी कोऱ्या ठेवा. म्हाताऱ्या माणसांना त्या भरता येतात. आणि हॉर्नवरचा हात जरा काढा.