खोट्या गजराची खरी किंमत

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी सायंकाळी फिरावयास येणाऱ्यांची गर्दी असते आणि मोटारींच्या रांगा लागतात. लगतच्या जी. ई. रोडवरून एखादे अवजड वाहन धडधडत गेले, की उभ्या मोटारींपैकी एखादीचा गजर कोकलू लागतो. लोक कपाळाला आठ्या घालतात आणि पुढे चालू लागतात. मोटारीकडे कोणीच पाहत नाही. चिंतेची बाब आहे ती हीच.

किल्लीची ओळख न पटल्यास इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर आपले काम निमूटपणे करतो. गजर मात्र चोराला अडवीत नाही. तो केवळ हाक मारतो. त्याची सारी भिस्त ऐकणाऱ्यांवर असते. शेजाऱ्यांचे लक्ष ही एक ठेवच होय. प्रत्येक खोटा गजर त्या ठेवीतून काही काढून घेतो आणि ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीप्रमाणे खऱ्या संकटाच्या वेळी खाते रिकामे आढळते.

वास्तविक दोष बहुधा किरकोळ असतो. धक्का टिपणारा सेन्सर गरजेपेक्षा अधिक संवेदनशील ठेवलेला असतो. तो कमी करता येतो. दाराच्या वा बोनेटच्या स्विचवर गंज चढला, की बंद दारही यंत्रणेला उघडे भासते. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो फार घसरला तरी गजर विनाकारण वाजू शकतो. जाणकार कारागिराकडून ही तपासणी सहज होते.

ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मध्यरात्रीच्या गजराने मोडणारी झोप परक्यांची असते, याचे भान मालकाने ठेवावयास हवे.

कंटाळून गजराची तार तोडणे हाही उपाय नव्हे. कर्जावर घेतलेली मोटार कर्ज फिटेपर्यंत बँकेकडे तारण असते. ती चोरीस गेली म्हणून परतफेडीची जबाबदारी आपोआप संपत नाही. म्हणून गजर दुरुस्त करावा. तो क्वचितच वाजावा; पण वाजला की तलावाकाठच्या प्रत्येकाने वळून पाहावे, इतका त्याचा शब्द खरा असावा.