‘हिला कुठे मूल होणार!’ हे आता पुरे

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुली व स्त्रिया, त्यांचे कुटुंबीय, डॉक्टर आणि आशाताई यांच्यासाठी जाहीर पत्रक

भगिनींनो,

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलीला दवाखान्यात खोकल्याबद्दल विचारतात, वजनाबद्दल विचारतात, एन्झाइमच्या गोळ्या चुकवल्या म्हणून दरडावतातही. गर्भनिरोधनाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. छातीचे डॉक्टर म्हणतात, तो आमचा विषय नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, हा आजार आमच्या पाहण्यातला नाही. घरचे म्हणतात, हिचे लग्न कुठे ठरतेय, मग ही चर्चा कशाला? सगळे हात झटकतात आणि निस्तरायचे उरते तिला एकटीला.

मुळात ‘हिला मूल होणार नाही’ ही समजूतच चुकीची आहे. या आजारात वंध्यत्व येते ते बहुतेक पुरुषांना. १०० पैकी ९५ हून अधिक पुरुषांमध्ये शुक्रवाहिन्या तयारच झालेल्या नसतात. स्त्रियांचे तसे नाही. गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट असल्याने काहींना दिवस राहायला वेळ लागतो, इतकेच. २०१९ मध्ये अमेरिकेत एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर या तिहेरी औषधाला मंजुरी मिळाली. त्यानंतर तिथे या आजाराच्या स्त्रियांमधील गर्भधारणांची संख्या झपाट्याने वाढली. पुरुषांचे निदान बायकांच्या माथी मारणे आता तरी थांबवा.

‘या आजारात कोणतेच साधन चालत नाही’ हेही खोटे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तांबी, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन, दंडात बसवायची कांडी आणि गोळ्या या साऱ्यांना हिरवा कंदील दाखवला आहे. सावध राहायचे ते पुढील ठिकाणी:

• सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने मिळणाऱ्या तिमाही इंजेक्शनाने हाडांची घनता घटते. या आजारात हाडे आधीच ठिसूळ असू शकतात. इंजेक्शन घ्यायचे तर ही बाब तोलून घ्या.

• यकृत खराब झाले असेल, औषधांसाठी शिरेत पोर्ट बसवला असेल किंवा मधुमेहाने रक्तवाहिन्या बिघडल्या असतील, तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या परस्पर सुरू करू नका.

• ल्युमाकाफ्टर असलेले औषध चालू असेल तर गोळ्या, इंजेक्शन, दंडातील कांडी यांवर विसंबू नका. वरचे तिहेरी औषध मात्र गोळ्यांच्या आड येत नाही.

• आपल्याकडे हा आजार अनेकदा क्षयरोग समजला जातो आणि रिफाम्पिसिन सुरू होते. या औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि कांडीचा परिणाम कमी होतो. तांबीचा होत नाही.

• फुप्फुस प्रत्यारोपणानंतर मायकोफिनोलेट चालू असताना गर्भ राहिला तर गर्भाला अपाय होतो. तिथे भरवशाचे साधन हवेच.

आम्ही मातृत्वाच्या विरोधात नाही. ‘तुझी तब्येत अशी, ऑपरेशनच करून टाक’ असे सांगणाऱ्यांनाही आमचा तितकाच विरोध आहे. फुप्फुसे बरी चालत असतील, वजन व साखर ताब्यात असेल, तर यांतल्या कित्येकींचे बाळंतपण सुखरूप होते. मूल केव्हा हवे, हवे की नको, हे तिने ठरवायचे. तोवर पाळणा लांबवण्याची सोय तिच्या हाती असली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या:

१. मुलगी वयात आली की छातीच्या डॉक्टरांनीच हा विषय काढावा. त्या वेळी आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवावे.

२. साधन देण्यापूर्वी तिच्या सर्व औषधांची यादी पाहावी.

३. ‘लग्न झालेय का?’ ही सल्ल्याची अट असू नये.

४. मूल हवे असेल तर आधी जोडीदाराची जनुकतपासणी व्हावी. तो वाहक असल्यास प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. मामाच्या मुलाशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न ठरवताना तर ही तपासणी टाळूच नये.

भगिनींनो, पुढच्या तपासणीला औषधांची पिशवी सोबत न्या. ती टेबलावर ठेवा आणि विचारा, ‘यांच्याबरोबर मला कोणते साधन चालेल?’ धड उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

— सिस्टिक फायब्रोसिससह जगणाऱ्या काही स्त्रिया आणि त्यांचे सोबती

(वाचा आणि पुढे द्या.)