विश्लेषण : लकव्याच्या उपचाराची मुदत वाढली, पण गडचिरोलीच्या रुग्णाला त्याचा उपयोग किती?

लकवा मारल्यावर साडेचार तासांच्या आत उपचार मिळायला हवा, हे आता अनेकांना माहीत आहे. नव्या स्कॅनमुळे काही रुग्णांसाठी ही मुदत २४ तासांपर्यंत वाढली आहे. मात्र हा लाभ मोठ्या शहरापर्यंत पोहोचू शकणाऱ्यांनाच मिळतो.

मुदत कशी वाढली?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी १५ ते २० टक्के रक्त त्याला लागते. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की मधला भाग काही मिनिटांत मरू लागतो. त्याच्या भोवतीचा भाग मात्र बंद पडलेला, तरी जिवंत असतो. आजूबाजूच्या वाहिन्यांतून त्याला थोडेफार रक्त मिळत राहते. तो किती काळ तग धरेल, हे प्रत्येक रुग्णात वेगळे असते.

रक्तप्रवाह मोजणाऱ्या परफ्यूजन स्कॅनमध्ये मेलेला आणि वाचवता येणारा भाग वेगवेगळा दिसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज ३’ या चाचण्यांत असे स्कॅन करून रुग्ण निवडले गेले. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेच्या साहाय्याने उशिरा काढली, तरी त्यांना फायदा झाला. पहिल्या चाचणीत ही मर्यादा २४ तास, तर दुसरीत १६ तास होती.

मग अडचण कुठे?

‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांमधील मृत्यूंची नोंद ठेवली. १,५९९ पैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते. मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. यातील ८७ टक्के मृत्यू घरीच झाले.

गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे. भामरागड, एटापल्लीसारखे तालुके त्याहून दूर. तिथल्या रुग्णाचा बहुतेक वेळ रस्त्यातच जातो.

काय करता येईल?

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याआधी साधा सीटी स्कॅन आवश्यक असतो. मेंदूत रक्तस्राव असेल तर हेच औषध जीवघेणे ठरते. आता एकाच डोसात देता येणारे टेनेक्टेप्लेज उपलब्ध आहे; अल्टेप्लेजसारखे तासभर सलाइनमधून द्यावे लागत नाही. त्यामुळे पहिला उपचार जिल्ह्यातच करून रुग्णाला पुढे पाठवणे सोपे झाले आहे. हिमाचल प्रदेशने हा मार्ग वापरला आहे. तिथे मेंदूविकारतज्ज्ञ दुरून स्कॅन पाहतात आणि जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर इंजेक्शन देतात.

विदर्भात ही साखळी उभी करायची तर सीटी यंत्र रात्रीही चालू हवे, औषध साठ्यात हवे आणि नागपुरातला तज्ज्ञ फोनवर हवा. एखादे महागडे स्कॅनर नागपुरात वाढवण्यापेक्षा याने जास्त रुग्ण वाचू शकतात.

घरच्यांनी काय पाहावे?

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. यातले एकही लक्षण अचानक दिसले तर १०८ ला फोन करा. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर ती सर्वात आधी विचारतात. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ असे म्हणू नका. २४ तासांची मुदत सर्वांना मिळत नाही.